लवकर सुटणारी पेडलं

सिग्नल लाल झाला. तो थांबला. आणि उभ्या सायकलवरून, कुणाचा धक्कासुद्धा न लागता, आडवा पडला.

का? बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट, म्हणजे पाय पेडलला धरून ठेवणारी खटकी, पेडलमध्ये अडकली होती. टाच बाहेर वळवली की ती सुटते. सुटली नाही.

सुटणार कशी? पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू त्याने स्वतःच करकचून आवळला होता. रविवारच्या सायकल ग्रुपात तशी रीतच होती. कुणाचं पेडल सहज सुटलं की ग्रुपचा कॅप्टन सगळ्यांदेखत विचारायचा, अजून बालवाडीतच का? साध्या पेडलवाल्यांचं नाव तर ‘चप्पल पार्टी’.

औषधाच्या दुकानात आठवडाभर उभं राहणारा माणूस हा. रविवारची सकाळ तेवढी त्याची. तिचीही परीक्षा झाली होती.

ग्रुपला त्याने सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

घरी आला तेव्हा मनगट सुजलेलं. सायकल विकून टाकतो म्हणाला. बायकोने थेट नणंदेला फोन लावला. ताई फिजिओथेरपिस्ट. ती आली, मनगट फिरवून पाहिलं, मोडलेलं नाही म्हणाली, मग सायकलपाशी जाऊन बसली. कॅप्टनच्या मते भारी पेडलं घ्यायला हवीत, तो थकून सांगत होता.

"भारी कशाला? शर्यतीला चाललायस का?" ताई म्हणाली. "एका बाजूला क्लिप, दुसरी बाजू सपाट, अशी साधी घे. गर्दीत सपाट बाजूवर पाय ठेव. आणि स्क्रू पार सैल. हौसेनं फिरणाऱ्याचा पाय पटकन सुटला पाहिजे, बाकी सगळं नंतर."

"लोक हसतील गं."

"हसू देत. प्लास्टर काय ते वाटून घेणार आहेत?"

मनगट बरं झाल्यावर तो साधी पेडलं लावून गेला. चहाच्या थांब्यावर कॅप्टनची नजर गेलीच. बालवाडी, चप्पल पार्टी, सगळं झालं. नवं खोटं रचायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"कुत्रं नव्हतंच," तो म्हणाला. "स्क्रू आवळला होता, पाय निघाला नाही. तुम्ही हसाल म्हणून आवळला होता."

कुणी हसलं नाही. निवृत्त बँक मॅनेजरांनी बाही वर करून कोपराचा व्रण दाखवला. त्यांचंही कुत्रंच होतं. शाळेतल्या बाईंचंही. न जन्मलेल्या एका कुत्र्याने अख्खा ग्रुप पाडला होता!

कॅप्टनने हातातला कप खाली ठेवला. मग पाना काढून स्वतःच्या सायकलशेजारी उकिडवा बसला. स्क्रू गंजला होता. सैल करायला जोर लावावा लागला.

वाचकहो, पेडलं कोणती घ्यायची हे दुकानदार सांगेल. आपण एवढंच सांभाळू या, की दुसऱ्याच्या साध्या वस्तूला हसायचं नाही. ते हसणं चुकवण्यासाठी माणूस स्वतःची हाडं मोडून घ्यायलाही तयार होतो.