कारंज्यातला पिवळा धूर

काँक्रीटचं ते कारंजं सावेरियोने स्वतः साच्यात ओतलं होतं, लेक लोरेदानाच्या जन्माच्या वर्षी. तेव्हापासून त्यावरून बोअरचं पाणी वाहत होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या त्या बाजूचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुनाच. थाळ्यांच्या कडांवर पांढरे पापुद्रे चढले होते, खालच्या हौदात तर दगडासारखा थर बसला होता. रविवारी लोरेदानाच्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि जेवण याच अंगणात.

फिलोमेनाने व्हिनेगर आणून ठेवलं होतं. भिजवलेली फडकी कडांना गुंडाळायची, थर मऊ झाला की खरवडायचा.

"व्हिनेगर सॅलडला घाल," तिचा नवरा सावेरियो म्हणाला. "जन्मभर सिमेंट कालवलंय मी. विटा धुवायचं अ‍ॅसिड आहे शेडमध्ये. घटकाभराचं काम."

"ते सिमेंटही खातं, सावेरियो. मग म्हणशील, कारंज्यावरच्या सिंहाचं नाक कुठे गेलं?"

"तुझ्या भावाच्या नाकापेक्षा बरंच दिसेल."

ती हसली, पण त्याच्या हाती अ‍ॅसिड द्यायला मन धजेना. महिन्याभरापूर्वी गॅस तसाच सोडून तो झोपला होता. त्याआधी गाडी बाजारात ठेवून चालत घरी आला, आणि गाडी चोरीला गेली म्हणून ओरडत बसला. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारपण आहे, चालायचंच.

"सकाळी हौदात काही टाकलंस का?" तिने सहज विचारलं. तो सकाळपासून शेडमध्ये ये-जा करत होता.

"काही नाही. पाणी उपसलं, बस."

ती आत जाऊन सॉस ढवळू लागली. खिडकीतून तो दिसत होता, रिकाम्या हौदात गुडघे टेकून कॅनमधलं अ‍ॅसिड ओतताना. मग वास आला. पोहण्याच्या तलावाचा असतो तसा, पण नाकात सुई टोचावी इतका तीव्र. त्यांच्याकडे तलाव नव्हता. क्लोरीनचा डबा होता, शेवाळ मारायला आणलेला. त्यावर अ‍ॅसिड पडलं की विषारी वायू होतो.

ती खिडकीशी धावली. हौदाच्या तळाशी पिवळट हिरवा धूर साचत होता आणि त्यात सावेरियो खोकत होता.

"बाहेर ये. सावेरियो, बाहेर ये!"

काही नाही झालं, अशा अर्थी त्याने हात हलवला. उठायला गेला, घसरला आणि पुन्हा त्या धुरात बसला.

ती दारातून धावली, पण वाऱ्याने धूर तिच्याच अंगावर आणला. घसा आवळला, डोळ्यांना धारा लागल्या. मागे फिरून ती गॅरेजला वळसा घालून पलीकडून आली. तिथून वारा पाठीमागून येत होता. छाती भरून श्वास घेतला, कोंडून धरला, वाकून त्याची कॉलर पकडली आणि सिमेंटची गोण ओढावी तसं त्याला कठड्यावरून ओढलं. गवतावरून फरफटत लांब नेलं. त्याचे ओठ निळसर झाले होते.

कुंपणावरून शेजारीण नोएलीन डोकावली. "अगं बाई, काय झालं?"

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. क्लोरीन म्हणून सांग. आणि तू इकडे येऊ नकोस."

इस्पितळात त्याला प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी तो बोलू लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हौदात आधी क्लोरीन टाकलं होतं का?"

"मी? अ‍ॅसिडच्या कामात?" सावेरियो दुखावला. "वेडा आहे का मी? हिला विचारा."

त्याने फिलोमेनाकडे पाहिलं. त्या नजरेत खोटं काहीच नव्हतं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. धुरातून ओढायला कॉलर तरी होती. या विसरण्यात धरायचं काय?

लोरेदाना बाळाला घेऊन आली. "आई, नेमकं झालं काय?"

म्हातारपणाची नेहमीची सबब तिच्या जिभेवर आली होती. ती तिने गिळली. लेकीला बाहेर बाकावर बसवलं आणि गॅस, गाडी, सगळं सांगितलं.

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

लोरेदाना बराच वेळ बाळाचा मोजा नीट करत राहिली. "बाबा फोनवर तेच तेच सांगायचे. मला वाटायचं, मस्करी करतायत." मग म्हणाली, "मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊ. मी येते बरोबर."

शनिवारी सावेरियोला घरी सोडलं, रविवारी बाप्तिस्मा झाला. जेवण घरातच वाढलं. सावेरियो मोठ्या रुबाबात टेबलाच्या टोकाशी उभा राहून भाजलेलं कोकरू कापत होता, जुने किस्से सांगत सगळ्यांना हसवत होता. फिलोमेनाही हसत होती. पण तिची नजर त्याच्या सुरीवरून क्षणभरही हलत नव्हती.