कॅप्टन हॅथर्सेजची तुकडी

क्रिमियाच्या लढाईतून कॅप्टन एडमंड हॅथर्सेज यॉर्कच्या छावणीत परतला तो डावा हात तिकडेच गमावून. घोडदळात डाव्या हाताने लगाम सांभाळायचा, उजव्याने तलवार. कर्नल प्रोथेरोंनी त्याला समोर बसवलं.

"आता काय धरणार, बाबा? लगाम की तलवार? कोठाराचं काम घे. हुद्दा तोच राहील."

"तलवार," एडमंड म्हणाला. "लगामाचं मी बघतो. वसंतातल्या पाहणीपर्यंत माझी तुकडी कुणाला देऊ नका."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल, सर."

त्याने जुनो नावाची तांबूस घोडी निवडली. तापट, पण कानांची तिखट. लगाम कमरपट्ट्याला अडकवून तो तिला गुडघ्याचा दाब आणि अंगाचा तोल शिकवू लागला. पहिल्याच आठवड्यात अख्ख्या तुकडीसमोर चिखलात आपटला.

"जमीन बरी आहे ना, साहेब?" सार्जंट टलिव्हरने विचारलं. क्रिमियात दोघं बरोबर होते, म्हणून एवढी मोकळीक.

"मऊ आहे रे. तूही ये की!"

सगळे खो खो हसले. एडमंड कपडे झटकून पुन्हा खोगिरावर चढला.

घरी हॅरिएट, त्याची बायको, वैतागायची. "अहो, त्या घोडीशी बोलता तेवढं माझ्याशी बोललात, तर मीसुद्धा म्हणाल तिकडे वळेन!"

पाहणीला लंडनहून जनरल आले. तुकडी भरधाव सुटली. मैदानाच्या मध्यावर एडमंडला दिसलं, पावसाने ओढ्याचा काठ ढासळून समोर खड्डा पडला होता. बिगुलवाल्याला सांगायला वेळ नव्हता. त्याने तलवार डावीकडे फिरवली, उजवा गुडघा दाबला. जुनो वळली आणि तिच्यामागे सगळी रांग वळली. टोकाच्या एका घोड्याचा पाय घसरला, सावरला. कुणी पडलं नाही.

"त्या कॅप्टनच्या हातात लगाम दिसत नाही," जनरल म्हणाले.

"त्याला लागत नाही, सर," प्रोथेरो ऐटीत म्हणाले. जणू कल्पना त्यांचीच.

तुकडी एडमंडकडेच राहिली. काही वर्षांनी प्रोथेरो निवृत्त झाले तेव्हा सगळा रिसाला त्याच्या हाती आला. पुढे डब्लिनला जायचा हुकूम आला. निघायच्या सकाळी छावणीच्या फाटकाबाहेर अर्धं यॉर्क जमलं होतं. कर्नल हॅथर्सेजने तलवार उपसून सलामी दिली आणि रिसाला रस्त्याला लागला.