न हलणारं पाणी

बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याच्या अंगाला काचेची एक उभी नळी लावलेली असते. वर एक नळ, खाली एक नळ. आत जेवढं पाणी, तेवढंच नळीत दिसतं. सव्वीस वर्षं मामा रोज सकाळी ती नळी फडक्यानं लख्ख पुसत आणि म्हणत, "बघ, पाणी कसं निवांत बसलंय. हात बसला की असं होतं."

सध्या हे ऐकायला भाची होती. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती मामांच्या हाताखाली लागून आठवडा झाला होता. भिंतीपलीकडे तिची आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, अकरा जणींबरोबर चादरींना इस्त्री करत असे. भिंत एका विटेची. पलीकडचं हसणं इकडे सहज ऐकू येई.

त्या दिवशी अकराच्या सुमारास भाची नळीसमोर बसली ती उठेचना.

"काय गं, आरसा आहे का तो?"

"मामा, हे पाणी जरासुद्धा हलत नाही."

"मग काय नाचायला हवं होतं?"

"थोडं थरथरायला हवं. आत उकळतंय ना."

"चार पुस्तकं वाचून आली आणि मला शिकवते! माझे केस इथं पांढरे झाले, बाई."

भाची कान देऊन ऐकू लागली. बॉयलरची रोजची जाड घरघर आज पातळ झाली होती. रंग जळल्यासारखा वासही येत होता. तो मामांनाही आला होता. त्यांनी उठून नुसती खिडकी उघडली.

"पाण्याचा पंप कधी लावला होता, मामा?"

"आठला."

"तीन तास वाफ जातेय. नळीतलं पाणी तसूभरही उतरलं नाही. मग वाफ होतेय कशाची?"

मामा नळीजवळ आले. खालचा नळ क्षारानं तुंबला, तर नळीत अडकलेलं जुनं पाणी तसंच दिसत राहतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्या बॉयलरला तसं होईल हे मान्य नव्हतं. नळी रोज रिकामी करून बघायची असते. नळ झिजतात म्हणून त्यांनी ते केव्हाच सोडलं होतं. पाणी घटल्यावर वाजणारा भोंगा उगाच कोकलतो म्हणून त्यांनीच गेल्या वर्षी काढून ठेवला होता.

त्यांनी तळाची तोटी उघडून नळीचं पाणी सोडून दिलं. भसकन सगळं गेलं, मागून नुसती वाफ आली. तोटी बंद केली. नळी भरायला हवी होती. ती रिकामीच राहिली. म्हणजे खालचा नळ तुंबलेलाच होता, आणि आत तीन तास पाणी गेलं नव्हतं.

मामा पंपाकडे धावले.

"पंप नको, मामा!"

"अगं, पाणी संपलंय आणि पाणी नको म्हणतेस?"

"आतलं लोखंड लाल झालं असेल. त्यावर गार पाणी पडलं तर एकदम वाफ होईल. ही भिंत राहायची नाही."

मामांचं बोट बटणावर होतं. पाणी कमी झालं की ते बटण दाबायचं, एवढं त्यांचं बोट विचार न करता जाणत होतं. पलीकडे ताई कुणाला तरी दटावत होती, "अगं, चादरीची घडी घालतेस की गाठोडं बांधतेस?" सगळ्या खदखदून हसल्या.

मामांनी बोट उचललं.

"मग काय करू? तू सांग."

"आग बंद करा. बाकी कशालाच हात लावू नका. मी आईला आणि सगळ्यांना बाहेर काढते."

बारा बायका अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या; आग बंद करून मामाही तिथं आले. आतून लोखंड आकसल्याचे आवाज येत होते. टक्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. ताईनं एकदाच विचारलं, "काय केलंस रे?"

बॉयलर फुटला नाही. दुपारी तपासनीस आले आणि तो पुरता निवल्यावर त्यांनी आत बॅटरी मारली. आतल्या नळ्या उन्हातल्या मेणबत्त्यांसारख्या वाकल्या होत्या. "पंप लावला नाहीत, शहाणपणा केलात," ते म्हणाले.

"मी नाही, हिनं," मामा म्हणाले आणि पायरीवर बसले. मग एकाएकी त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?" भाचीनं विचारलं.

"माझ्या हाताखाली पाच जण तयार झाले. पाच ठिकाणी पाच बॉयलर. पाणी हललं नाही म्हणजे काम चोख, असं प्रत्येकाला मीच सांगितलंय."

पहिला हसला. "मामा, चेष्टा करताय? हे तर तुमचंच शिक्षण!"

"चुकीचं शिकवलं मी तुला. ऐक, आधी आग बंद कर. मग कारण विचार."

दुसऱ्यानं ऐकलं. तिसऱ्यानं वाद घातला, मग ऐकलं. चौथ्यानं मामांची तब्येत विचारली, पण ऐकलं.

पाचवा दुधाच्या कारखान्यात होता. घंटा वाजत राहिली आणि थांबली. मामांनी पुन्हा नंबर लावला. भाची त्यांच्या शेजारी येऊन बसली.

घंटा वाजत होती.