हात वर

हात वर गेला. डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं.

"दुखलं?"

ठकीनं मान हलवली. नाही.

"करू पुढे?"

हात खाली.

खुर्चीच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या आईनं कपाळाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पाच वर्षांची पोर, खालची दुधाची दाढ मुळापर्यंत किडलेली, गाल लिंबाएवढा सुजून आलेला. मागच्या दवाखान्यात दोघांनी तिला दाबून धरलं होतं. तिथं तिच्या दाढेचं काही झालं नाही, एकाच्या अंगठ्याचं मात्र झालं. आजही जमलं नाही तर दाढ काढूनच टाकायची होती.

"नाहीतरी पडणारच ना ती?" आईनं आल्याआल्या विचारलं होतं.

"पडेल की. पाच-सहा वर्षांनी. तोवर खालून येणाऱ्या दाताची जागा कोण राखणार, तुम्ही?" बाई हसल्या होत्या. मग ठकीकडे वळून म्हणाल्या, "तू हात वर केलास की मी थांबणार. कबूल. आणि ठकीच्या आई, तुम्ही हिला धरायचं नाही. नुसतं बसायचं."

हात वर.

बारीक सुई मुळातून बाहेर. ट्रेमध्ये.

"अहो, गंमत करतेय ती तुमची," आई म्हणाली. "असे लाड केलेत तर इथंच संध्याकाळ होईल."

"होऊ दे. शब्द दिलाय ना."

हात खाली. मुळं धुऊन स्वच्छ झाली. औषध भरलं गेलं. आता वरून स्टीलची टोपी बसवली, की सुटलो.

हात वर.

आईचा जीव टांगणीला लागला. इथवर आलेलं सगळं पाण्यात जाणार, असं तिला वाटलं.

बाईंनी या वेळी दातांमधला रबरी ठोकळा काढला, लाळ ओढणारी नळी बाजूला केली.

"दुखत तर नाही म्हणतेस. मग थांबवतेस कशाला गं मला, बये?"

बधिर झालेला ओठ ठकीनं बोटानं जागेवर ढकलला.

"तुला नाही," ती बोबडं बोलली. "आईला थांबवते. ती थांबतच नाही."

आईनं खाली पाहिलं. ठकीचा घोटा तिच्या दोन्ही मुठींत होता. मोजा घसरून टाचेशी गोळा झालेला, आणि वर कातडीवर तिच्याच बोटांचे पांढरे ठसे. कधी धरला, तिला आठवेना.

डॉक्टरीणबाई डब्यातली टोपी निवडू लागल्या. टोपी निवडायला काही एवढा वेळ लागत नाही.

एकेक बोट सुटलं. मग त्या मोकळ्या हातांचं करायचं काय? आईनं ते मांडीवर ठेवून पाहिले, पर्समध्ये उगाच काही शोधून पाहिलं. शेवटी ती त्या हातांवरच बसली.

"चालेल?"

ठकीनं मान उचलून नीट तपासलं. मग पाय ताणून दिले आणि आपणहून भलामोठा आ केला.