डाव्या बटणाची पाचर

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात कटिंग मशीनला कोणी मशीन म्हणत नसे. ते ‘मामांचं’ होतं. मामांचं चालू आहे का, मामांच्याला तेल घातलं का, अशी सगळी भाषा. कारखान्याची मालकीण ताई म्हणजे मामांची सख्खी भाची. तिनं वडिलांमागे कारखाना हाती घेतला, त्याच्या कितीतरी आधीपासून मामा त्या मशीनवर उभे होते. बाकीच्यांचे ते कोणीच नव्हते, पण त्यांचेही मामाच.

मशीन बनवणाऱ्यानं एक शहाणपण केलं होतं. कागदाचा वीतभर उंच गठ्ठा एका दमात कापणारं ते पातं खाली यायला दोन बटणं दाबावी लागत. टेबलाच्या कडेखाली एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे पातं उतरताना माणसाचे दोन्ही हात आपोआप बाहेर. मामांना हे शहाणपण मुळीच मान्य नव्हतं. डाव्या हातानं दाबून धरल्याशिवाय गठ्ठा सरळ कापलाच जात नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून डाव्या बटणाच्या फटीत त्यांनी पुठ्ठ्याची पाचर ठोकलेली. बटण कायमचं दाबलेलं, डावा हात मोकळा. मोकळा म्हणजे पात्याखाली.

ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. तिनं दोनचारदा मामांच्या कानावर घातलंही होतं. “अगं, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून कापतोय मी,” असं म्हणून ते हसत. ज्या माणसानं आपल्याला दुपट्यात पाहिलंय त्याच्यावर डोळे कसे वटारायचे, हे काही तिला जमलं नाही. माणसं घरची म्हटली की नियम पातळ होतात, आणि इथे तर सगळेच स्वतःला घरचे समजत.

सरकारी निरीक्षक आले की काय करायचं, तेवढं मात्र चोख ठरलेलं होतं. पुढच्या खिडकीशी गोंद लावत बसणाऱ्या मावशींना ते फाटकातच दिसत. त्या खणखणीत आवाजात म्हणत, “पाहुणे आले गं!” की पाचर बाहेर. “पाहुणे गेले गं!” की पाचर आत. काढायचे मामा, बसवायचेही मामा. मामांच्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा त्या कारखान्यातला एकच नियम असा होता की जो सगळे पाळत.

निरीक्षकांना तिथे ‘टोपीवाले’ म्हणत, कारण ते कुठेही जाताना डोक्यावर पिवळं हेल्मेट घालत. पुस्तकांच्या कारखान्यात डोक्यावर पडून पडून काय पडणार? पण माणूस नियमाचा पक्का आणि बोलायला मऊ. त्या दिवशी सकाळी आले, मागचं दार उघडतं का पाहिलं, आग विझवायची नळकांडी पाहिली आणि जाताजाता ताईला म्हणाले, “नुसतं चांगलं मशीन आणून भागत नाही हो. ते बनवलंय तसंच वापरलं जातंय ना, हे बघणंही मालकाचंच काम. कामगारानं आपल्या मर्जीनं काही केलं, तरी विचारणार आम्ही तुम्हालाच.”

“हो, हो,” ताई म्हणाली. तिचं लक्ष गठ्ठ्यांकडे होतं. शाळेच्या पुस्तकांची मोठी ऑर्डर संध्याकाळी जायची होती. ती गेली नाही, तर पुढच्या वर्षीचं काम हातचं जाणार हे उघड होतं.

“पाहुणे गेले गं!” मावशी ओरडल्या.

मामा जागेवर नव्हते. मागच्या नळावर हात धुवायला गेले होते, आणि मामांचं हात धुणं म्हणजे अर्धी आंघोळच. तेवढीच त्यांची खटपट वाचेल म्हणून ताईनं टेबलावर पडलेली पाचर उचलली, फटीत दाबून बसवली आणि दाराजवळच्या गठ्ठ्यांशी जाऊन उभी राहिली.

इकडे टोपीवाल्यांना फाटकाबाहेर गेल्यावर आठवलं की मशीन चालू असताना पाहायचं राहूनच गेलं. मागचं दार जवळ पडलं म्हणून ते तिकडून वळले. मावशींच्या खिडकीतून मागचं काही दिसत नाही. नळावर मामा भेटले.

“चला की!” मामा म्हणाले. मावशींची दुसरी हाक पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकूच गेली नव्हती. ऐकू गेली असती तरी आपली पाचर दुसरं कोणी बसवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्यांनी ऐटीत मोटर चालू केली. “साहेब, आमच्याकडे सगळं नियमानं. एक बटण दाबलं तर पातं हलतसुद्धा नाही. हे बघा.” आणि उजवा अंगठा बटणावर टेकवून डावा पंजा त्यांनी गठ्ठ्यावर, बरोबर पात्याखाली, पसरून ठेवला.

ताईनं ते दाराजवळून पाहिलं. हाक मारावी, तर मामा दचकतील आणि अंगठ्याखालचं बटण आधी दाबलं जाईल. तिच्या हाताशी भिंतीवरचा मेन स्विच होता. तिनं तो खाडकन खाली ओढला. मोटर, पंखे, दिवे, सगळं बंद पडलं.

मामांनी बटण दाबलं. पातं जागचं हललं नाही.

“बघा!” मामा म्हणाले.

“बघितलं,” टोपीवाले वर पंख्याकडे पाहत म्हणाले. “वीज गेली वाटतं. असू दे, मला कळलं काय ते. छान ठेवलंय सगळं.”

ताईचा जीव भांड्यात पडला. स्विचकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. आता गप्प बसलं की झालं. टोपीवाले जातील, वीज येईल, संध्याकाळी गाडी भरेल. तिनं खरोखरच गप्प बसायचं ठरवलं होतं. पण मामांनी हात अजून काढला नव्हता. त्या पंजानं गठ्ठा थोपटत ते टोपीवाल्यांना काहीतरी गंमत सांगत होते. आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की गप्प बसवेना.

“मामा, हात काढा,” ती म्हणाली. “पाचर आत आहे. मी बसवली. वीज गेलेली नाही, मी बंद केलीय.”

मामांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग त्यांनी हात हळूच बाहेर घेतला आणि पोटाशी धरला. वाकून कडेखाली पाहिलं.

“साहेब, हिचा काही दोष नाही,” ते उठून म्हणाले. “मी रोजच बसवतो ती.”

“रोज?” टोपीवाल्यांनी विचारलं.

मामांनी जीभ चावली.

“रोज,” ताई म्हणाली. “आणि मला माहीत होतं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

टोपीवाल्यांनी मशीनला सील ठोकलं. पाचर बसूच शकणार नाही अशी बटणं लावून घ्या, मग बोलवा, म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सूटही दिली नाही. त्यांच्या देखतच ताईनं शाळेला फोन लावून सांगितलं की पुस्तकं आज येत नाहीत, आणि का येत नाहीत तेही सांगितलं. पलीकडचा माणूस “मग आम्ही दुसरीकडे बघतो” म्हणाला, तेव्हा ती “बरं” म्हणाली.

टोपीवाले गेल्यावर ती मामांजवळ आली. मामा बंद मशीनसमोर स्टुलावर बसले होते.

“रागावलात?”

“रागावलो होतो. काम गेलं ना तुझं.” ते डाव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहत होते. “आता नुसती भीती वाटतेय गं.”

ताईनं त्यांचा तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तिला रडू कोसळलं, आणि सगळ्यांसमोर कोसळलं तरी तिनं आवरलं नाही. हात काही ती सोडेना.

“अगं, सोड आता,” मामा शेवटी म्हणाले. “दोन्ही हात लागणार आहेत मला यापुढे कामाला.”