जजसाहेबांची गुळणी

त्या कार्यक्रमात नाव मिळवावं लागायचं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव काय, सगळ्यांनाच असतं; ते स्टुडिओच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचं, असा तिथला शिरस्ता होता. आत टोपणनावंच चालत. मुख्य निवेदक भोंगा, कारण तो कुजबुजला तरी यंत्रावरचा काटा लाल रेषेवर जाऊन आदळे. त्याच्या जोडीची निवेदिका चिमटा. त्याचं कारण तिच्यासमोर बसून गेलेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारावं. आणि जो उमेदवारीवर असेल तो नुसता ‘नवीन’. भर कार्यक्रमात, सगळे श्रोते ऐकत असताना, एखाद्याला नाव पडलं की तो कायमचा झाला. नाही पडलं तर तीन महिन्यांनी एक चहा, दोन गोड शब्द आणि दार.

आमच्या गोष्टीतल्या नवीनचा आज शेवटचा दिवस होता, आणि नाव अजून पडलं नव्हतं.

आधी ती कपडे धुण्याच्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची नोकरी करत होती. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी मैत्रिणींना त्यांच्या नकला करून दाखवायच्या. मैत्रिणी हसून हसून आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या, तू रेडिओवर जा. सल्ला द्यायला त्यांच्या बापाचं काय जात होतं? ही मात्र खरोखरच नोकरी सोडून गेली.

“अगं, तुला नावं ठेवायला इथं अख्खं खानदान बसलंय,” सकाळी निघताना आई म्हणाली. आई घरीच कपडे शिवायची. तोंडातली टाचणी काढूनच ती बोलली, म्हणजे विषय गंभीर होता. “तिथं त्यांना म्हणावं, एक तरी चांगलं नाव ठेवा.”

“आई, ते मागून मिळत नाही.”

“मग न मागता मिळेल असं काहीतरी कर. आणि बोलताना धापा टाकू नकोस. मागच्या आठवड्यात मला वाटलं तू जिने चढतेयस.”

स्टुडिओत पोचली तर तिथं लगीनघाई. काचेपलीकडे मॅडम, म्हणजे कार्यक्रमाच्या सर्वेसर्वा, एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला हेडफोन लावून उभ्या होत्या. चिमटा आरशाशिवायच केस नीट करत होती. रेडिओवर केस कोण बघतं, पण आजचा पाहुणाच तसा होता.

आज जजसाहेब येणार होते. खरे जज नव्हेत, सिनेमातले. पण पडद्यावर त्यांनी इतकी वर्षं न्यायनिवाडे केले होते, की रस्त्यात लोक त्यांना थांबवून बांधाची भांडणं मिटवायला सांगत. पांढऱ्या भुवया, खर्जातला आवाज, आणि निकाल सांगण्याआधीची ती प्रसिद्ध थांबण्याची लकब. त्या वेळी सिनेमागृहात चुळबूळही थांबायची. आणि हा माणूस कधी हसला नव्हता. पडद्यावर नाही, मुलाखतीत नाही, कुणाच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही.

“गुळणी तुम्ही घ्या,” मॅडम नवीनला म्हणाल्या.

गुळणी हा कार्यक्रमाचा कळस होता. पाहुण्याने तोंडात पाणी धरून बसायचं, विनोद करणाऱ्याने दोन मिनिटांत त्याला हसवायचं. पाण्याचा फवारा उडाला की विनोदवाला जिंकला. समोर टॉवेल आणि चार बोटं पाणी घातलेलं मोठं घमेलं ठेवलेलं असे. मोठमोठ्या पाहुण्यांनी त्या घमेल्यात आपली अब्रू ओतली होती.

“मी? जजसाहेबांसमोर?”

“का? फाशी देतायत का ते?” मॅडम म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, “आज तुमचा शेवटचा दिवस आहे. एवढंच करता येतं मला.”

हे ऐकून तिला रडूही आलं आणि नाचावंसंही वाटलं. दोन्हीला वेळ नव्हता. लाल दिवा लागला.

जजसाहेब आत आले, चपला काढल्या, बसले. भोंग्याने त्यांची अशी काही ओळख करून दिली की मिरवणुकीतला ढोल लाजावा. चिमटाने दोनचार चिमटे काढून पाहिले, पण कातडी जाड निघाली. साहेब प्रत्येक प्रश्नाला पूर्ण वाक्यात, गंभीरपणे उत्तर देत होते. आणि मग भोंगा ओरडला, “श्रोतेहो, बसल्या जागी घट्ट बसा, गुळणी!”

साहेबांनी पेला उचलला, मोठा घोट घेतला, गाल फुगवले आणि हाताची घडी घातली. चिमटाने वाळूचं घड्याळ उलटं केलं.

नवीनने रात्रभर जागून लिहिलेले कागद उघडले. पहिला विनोद डॉक्टरचा होता. साहेब दगड. दुसरा नवराबायकोचा. साहेब डोंगर. तिसरा वकिलाचा, तो तर तिने खास त्यांच्यासाठी बेतला होता आणि पाठ करताना स्वतःच तीनदा हसली होती. त्यावर साहेबांनी अशी नजर टाकली की तिला वाटलं, आता तडीपार करतात. भोंगा खुर्चीत अवघडून बसला होता. समोर श्रोत्यांचे फोन आले की लागणारे दिवे होते, ते सगळे विझलेले. चौथ्या विनोदाचं पान काढताना कागद निसटले आणि थेट घमेल्यात पडले.

ती गप्प झाली.

दुकानदाराला रिकामं दुकान जितकं खुपतं ना, त्याच्या दसपट रेडिओवाल्याला शांतता खुपते. लोक समजतात वीज गेली, आणि स्टेशन बदलतात. भोंग्याचे डोळे पांढरे झाले. कानात मॅडमचा आवाज आला, “बोला. काहीही बोला.”

काहीही म्हणजे काय? हाताशी कागद नाही, डोक्यात अंधार. तिने मान वर केली आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. खरं तर इतका वेळ तिने त्यांच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. सगळं लक्ष कागदात.

“श्रोतेहो,” ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. “मी गप्प का झाले ते सांगते. माझे विनोद पाण्यात पडले. म्हणजे खरंच पडले, घमेल्यात आहेत. आता तुम्हाला काही दिसत नाहीये, तर मी जे दिसतंय तेच सांगते. जजसाहेबांचे गाल दोन्हीकडे एकेक लिंबू ठेवल्यासारखे फुगलेत. डावी भुवई वर आहे, उजवी खाली. म्हणजे मला जामीन मिळण्याची आशा निम्मी आहे.”

भोंग्याच्या नाकातून फुस्सकन आवाज आला. फोनचा एक दिवा लागला.

“नाकपुड्या फुगल्या. बसल्या. परत फुगल्या. तोंड बंद असल्यामुळे सगळा कारभार सध्या नाकाकडे आहे. अगंबाई, कान हलला! डावा कान! श्रोतेहो, एवढ्या सिनेमांत कुठल्याही दिग्दर्शकाला जे जमलं नाही ते आत्ता इथं घडलं, आणि तुमच्यापैकी एकालाही दिसलं नाही!”

दोन दिवे, चार दिवे. चिमटाने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. नवीनच्या अंगात वारं शिरलं होतं. धापा लागत होत्या, आईने बजावलेलं पार विसरली होती, आणि मजा येत होती, विलक्षण मजा येत होती.

“आता खांदे हलायला लागलेत. मी आधी मशीनच्या तक्रारी घ्यायचे. लोक फोनवर सांगायचे, ताई, आमचं मशीन गदागदा हलतंय, कुठल्याही क्षणी खालून पाणी येईल. मी त्यांना धीर द्यायचे, पण तसं मशीन मी कधी बघितलं नव्हतं. आज बघतेय!”

साहेबांचे डोळे बारीक झाले. ओठांचा एक कोपरा आपोआप सुटला, चांगला बोटभर सुटला, आणि त्यांनी तो लगेच आवळून घेतला.

नवीन बोलता बोलता थबकली. कोपरा सुटला, पण थेंब कुठे पडला?

जुन्या नोकरीत तक्रार कुठलीही असो, पहिला प्रश्न ठरलेला असायचा. तो तिच्या तोंडून सवयीने बाहेर पडला. “साहेब, आत पाणी आहे ना?”

साहेबांनी मान डोलावली.

“मान डोलावून हो म्हणतायत. शपथेवर?”

साहेबांनी आणखी जोरात मान डोलावली.

“श्रोतेहो, मान एवढी हलली, पण आत काही डुचमळलं नाही! जजसाहेब, आ करा.”

साहेब बधले नाहीत.

“आ करायला नकार देतायत! भुवया दोन्ही वर गेल्यात! कपाळाला घाम फुटलाय! एवढा घाम मी फक्त आरोपीला फुटताना पाहिलाय. साहेब, जनता ऐकतेय. आ करा!”

आणि जजसाहेबांनी आ केला.

“कोरडं!” ती किंचाळली. “ठणठणाट! जीभ आहे, दात आहेत, त्यातले काही स्वतःचेही दिसतायत, पण पाणी नाही! गुळणी गिळली! न्यायाधीशांनी पुरावा गिळला!”

त्यानंतर जो आवाज आला तो आधी कुणाला ओळखूच आला नाही. तो खर्जातला नव्हताच. बारीक, चिरका, उचक्या लागल्यासारखा, आणि थांबता थांबेना. जजसाहेब हसत होते. टेबलावर हात आपटत होते, टॉवेल डोळ्यांना लावत होते, मध्येच सावरायला जात आणि नवीनकडे बघून परत फुटत. फोनचे सगळे दिवे पेटले होते. काचेपलीकडे मॅडम उभ्या राहिल्या होत्या.

“गिळलं हो मी,” अखेर साहेबांना शब्द फुटले. “सुरुवातीलाच. सिनेमात हयातभर रिकाम्या पेल्यातून पीत आलोय. म्हटलं, गाल फुगवून बसलं की झालं, लोकांना वाटेल पाणी आहे.”

“साहेब, रेडिओवर गाल कुणाला दिसणार होते?” चिमटाने विचारलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “हे माझ्या ध्यानातच आलं नाही,” असं म्हणून ते पुन्हा उचक्या देत हसायला लागले.

पण भोंगा म्हणजे नियमाचा पक्का. त्याने वाळूचं घड्याळ उचलून पाहिलं आणि जाहीर केलं, “वेळ संपलाय. फवारा उडालेला नाही. नियमाप्रमाणे नवीन हरली!”

तो चेष्टेत बोलला होता, पण नवीनला ती चेष्टा वाटली नाही. म्हटलं तर खरंच होतं. नाव पडायला जिंकावं लागतं, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण हरलेल्याला नाव पडलेलं तिने ऐकलं नव्हतं. काचेपलीकडून मॅडमनी हात वर करून बोटं मिटायला सुरुवात केली. बातम्या यायला आता अर्धं मिनिटसुद्धा उरलं नव्हतं.

“थांबा,” जजसाहेब म्हणाले. खर्ज परत आला होता. “नियमावर बोट ठेवताय, तर निकाल मी देतो. आरोपी मीच आहे, गुन्हा कबूल आहे. आजवर शेकडो निकाल वाचले, ते सगळे दुसऱ्याने लिहून दिलेले. हा पहिला माझा स्वतःचा. माझ्या कोर्टात लोक पाठ करून यायचे आणि पाठ केलेलं बोलायचे. ही मुलगी पाठ केलेलं बुडवून बसली, आणि मग समोर जे होतं ते बघून बोलली. तुमच्याकडे नाव द्यायची पद्धत आहे म्हणे. हिचं नाव…”

आणि ते थांबले.

तीच ती प्रसिद्ध लकब! सिनेमात ठीक होतं हो, पण इथं मॅडमची दोन बोटं उरली होती. भोंगा खुर्चीतून अर्धा उठला. चिमटाने डोळे मिटून घेतले. नवीनला वाटलं, आता बातम्या सुरू होणार, आणि आपण जन्मभर सांगत फिरणार की आमचं नाव एका माणसाच्या ओठांवर आलं होतं. मॅडमनी एक बोट मिटलं. साहेबांनी शांतपणे श्वास घेतला.

“…साक्षीदार.”

भोंग्याने काचेकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली, एकदाच, पण खालपर्यंत.

“मंजूर!” भोंग्याने अशी आरोळी ठोकली की काटा लाल रेषा ओलांडून गेला. “श्रोतेहो, बातम्यांनंतर लगेच परत येतोय. मी भोंगा, ही चिमटा, आणि ही…”

त्याने तिच्याकडे बोट दाखवलं. आपलं नाव पहिल्यांदा आपणच सांगायचं, हाही तिथला शिरस्ता. तिने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे दिवे, काच, जजसाहेबांचा ओला टॉवेल, सगळं एकमेकांत मिसळलं.

“साक्षीदार,” ती म्हणाली.

एकदा म्हणून तिचं समाधान झालं नाही, म्हणून तिने ते पुन्हा मोठ्याने म्हटलं. ते दुसरं ‘साक्षीदार’ सरळ बातम्यांच्या पहिल्या ओळीवर जाऊन चढलं. एरवी अशा चुकीवर मॅडम माणसाला सोलून काढत. आज त्या स्वतःच टाळ्या वाजवत होत्या.