दादाला बांधलेला लाल दोरा

माझ्या दादाले कुठं नेलं?

हे मी वाऱ्याला विचारलं. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांना विचारलं. माझ्या शेंड्यावर बसणाऱ्या होल्यालाही विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. बांबूचं बोलणं माणसांना नुसती सळसळ वाटते.

हो, मी बांबू बोलतोय. आता सगळे मला काठी म्हणतात. म्हणू देत. काठी मी नंतर झालो, भाऊ आधी होतो.

बपेऱ्याच्या रस्त्यावर आमचं गाव. रंभाबाईच्या घरामागं, सांडपाण्याच्या ओलीवर आमचं बांबूंचं बेट. दादा आणि मी एकाच बुडातून वर आलो. तो आधी, मी मागून. मी जमिनीतून नाक वर काढलं तेव्हा रंभाबाईची गुड्डी विळा घेऊन समोरच बसली होती. आमच्याकडे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी करतात.

"आई, हा जाडा आहे वो, एकच पुरते," ती म्हणाली.

तिचा मोठा भाऊ प्रफुल्ल धावत आला. "ए भुक्कड, राहू दे त्याले! माह्या बांबूचा लहान भाऊ आहे तो."

असा मी भाजी होता होता वाचलो. 'माह्या बांबूचा' म्हणजे दादाचा. सरळ, भरीव, पेरं जवळजवळ. वारा सुटला की मी घाबरून त्याच्या अंगावर पडायचो. तो काही बोलायचा नाही, नुसता उभा राहायचा.

शिकलेला मी नाही. आमच्यातली एक कांबट, म्हणजे चिरलेली पातळ काठी, शाळेत गेली होती, नकाशावर डोंगर दाखवायला. मोडली तेव्हा पोरांनी ती परत आमच्यात आणून फेकली. तिच्याकडून एवढंच कळलं की डोंगर तपकिरी असतो.

खरा डोंगर मला प्रफुल्लच्या बोलण्यातून कळला. तो वरठीला कारखान्यात कामाला होता, रविवारी मोटारसायकलवर घरी यायचा. नोकरी कायम झाली तर चौरागडाच्या टोकावर महादेवाला त्रिशूळ वाहीन, असा त्याचा नवस होता. शिवरात्रीला आमच्या गावातून भाविकांचा जथा तिकडं जातो, त्याला पोहा म्हणतात. पायथ्यापासून टोकापर्यंत जाऊन परत यायला पुरा दिवस लागतो, आणि त्रिशूळ आपल्याच खांद्यावर न्यायचा असतो.

नोकरी कायम झाली. लोहारानं त्रिशूळ करून दिला. मग प्रफुल्लनं दादाच्या बुंध्याला लाल दोरा बांधला.

"काका, हीच काठी नेतो मी," तो परसरामला म्हणाला. परसराम त्याचा चुलता, पोह्याचा म्होरक्या.

"आता हात नोको लावू. अंधारी पाख लागू दे. चांदण्यात तोडलेल्या बांबूले किडा लागते."

त्या दिवसापासून आम्ही दोघं अंधाराची वाट पाहत होतो. मी दादाला रोज विचारायचो, "वर गेल्यावर काय दिसते ते मले सांगशील न?" दादा हलायचा. तो हो म्हणतोय असं मी धरून चालायचो.

आणि एका सकाळी, चांदणं भरात असतानाच, परसराम कुऱ्हाड घेऊन आला.  घरात खूप माणसं होती, बाया रडत होत्या. मला काय कळणार! मला वाटलं, पोहा लवकर निघाला. दादा डोंगरावर चालला! मी सगळी पानं हलवून त्याला निरोप दिला. घाव दोऱ्याच्या वर बसला. दादा गेला, दोरा खुंटावर राहिला.

शिवरात्रीनंतर पोहा परत आला. साऱ्या काठ्या अंगणात भिंतीला टेकल्या. मी एकेक निरखून पाहिली. दादा त्यात नव्हता. प्रफुल्लही रविवारी यायचा थांबला. तेव्हापासून माझा प्रश्न सुरू झाला.

वर्षभर त्या घरात सण झाला नाही. तांदळाच्या ढोलीमागं त्रिशूळ तसाच उभा होता. पुढच्या पौषात, अंधाऱ्या पाखात, रंभाबाई बेटाशी आली आणि माझ्यावर हात ठेवला.

"भाऊजी, हा तोडा. त्रिशूळ मी नेतो."

"वैनी, तुमचे गुडघे पाहा! अन् हा तर कवळा आहे. अजून एक साल पायजे त्याले. दुसरा देतो न चांगला पक्का."

"मले हाच पायजे."

परसरामनं कुऱ्हाड आणली. मग त्यानं घाव घातला. दुखलं, पण खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मी दादाकडे निघालो होतो.

माझ्या गाठी तासल्या. चुलीच्या आचेवर शेकून मला सरळ केलं, जवसाचं तेल चोळलं, टोकाला लोखंडी शेंबी बसवली. शेवटी रंभाबाईनं खुंटावरचा लाल दोरा सोडून मला बांधला.

मग आमची तयारी सुरू झाली. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायचं आणि उतरायचं. पहिल्या दिवशी ती अर्ध्यातच बसली. गुड्डीनं तिच्यासाठी कापडी बूट आणले होते.

"काय वो हे! मी काय पोलीस भरतीले चालली?"

"घाल न आई. चपलेनं पाय मुरगळला तर तुले कोण उचलीन? पन्नास किलोचं पोतं आहेस तू."

"तुह्या तोंडाले काही लगाम आहे का?"

पण बूट घातले. आणि गुड्डीनं चढताना हात पुढं केला की तिचं ठरलेलं, "राहू दे. मले काठी आहे."

गुड्डी एकदा चिडली. "काठीच तुह्या पोटची आहे, मी नाई!" रंभाबाईनं मला पुढं टेकवलं आणि चढू लागली. मला आतून बरं वाटलं. लहान भाऊ असतोच असा, सगळं त्यालाच पाहिजे असतं.

पाळ जमली. मग एका रविवारी परसराम आम्हाला आंबागडच्या डोंगरावर घेऊन गेला. रंभाबाईनं पाठीवर त्रिशूळ बांधला. चढली बिचारी, थांबत थांबत. वरून तिनं खाली पसरलेली धानाची शेतं पाहिली आणि पदरानं तोंड पुसलं. उतरताना मात्र गोटा सरकला. तिचा सगळा भार, वर त्रिशुळाचा, माझ्यावर आला. मी धरलं. कट्टकन आवाज झाला आणि माझ्या मधल्या पेरात चीर गेली.

"मोडली!" गुड्डी म्हणाली. "आता तरी फेक."

परसराम म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, कवळा आहे. बाजारातून नवी आणू, वैनी."

रंभाबाई तिथंच दगडावर बसली. मला मांडीवर घेतलं.

"भाऊजी, तुमीच तोडला होता न याचा दादा? तिरडीले? धुक्यात माहं लेकरू गाडीखाली गेलं. ज्या बांबूले त्यानं दोरा बांधला, त्याच्याचवर निजून तो घाटावर गेला. त्याच्यासंगंच जळला तो. हा त्याचा लहान भाऊ. मले बाजारातली काठी नोको."

परसरामनं मान खाली घातली. "दुसरं काही सुचलंच नाई त्या दिवशी. हात त्याच्यावरच गेला," एवढंच म्हणाला.

मला कोणी सांगितलं नाही. मी ऐकलं.

दादा डोंगरावर गेलाच नव्हता. तो नदीवर गेला होता. आणि मी पानं हलवत होतो!

परसरामनं चिरेवर तांब्याची तार गुंडाळली. त्यानंतर मी नुसता पडून होतो. घरात भाकरी बांधल्या गेल्या, लसणाची चटणी कुटली गेली, गुडघ्याचं औषध पिशवीत गेलं. मला काही नको होतं. दादा जिथं नाही त्या डोंगराचं मी काय करू? मग वाटलं, त्यानं न पाहिलेलं कोणीतरी पाहायला पाहिजे. नाहीतर त्याला सांगणार कोण?

चौरागड तपकिरी नाही, दादा. निळा आहे. जवळ गेलं की हिरवा होतो. वाटेवर त्रिशूळच त्रिशूळ, आणि जो भेटेल तो दुसऱ्याला भगत म्हणतो. रंभाबाई चढत होती. प्रत्येक पायरीला माझी चीर तारेखाली उघडत होती, मिटत होती.

टोक दिसायला लागलं आणि ती बसली. 

"गुड्डे, नाई होत आता. तूच ने त्याचा त्रिशूळ."

"मी नाई नेत," गुड्डी रडत म्हणाली. "प्रफुल्लदादाचा नवस तूच फेडायचा. मी हात दिला की दर वेळी तू मले काठी दाखवते! ऊठ. हात दे मले. एकदा तरी दे."

रंभाबाईनं एक हात माझ्यावर ठेवला. दुसरा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, गुड्डीला दिला. मी शेंबी दगडात रोवली. तार तुटली. आम्ही दोघांनी मिळून तिला उभं केलं.

वर त्रिशुळांचं रान आहे. रंभाबाईनं प्रफुल्लचा त्रिशूळ उभा केला, पण खाली खडक. तो कलंडायचा. परसरामनं दगड लावून पाहिले. पुन्हा कलंडला. मग तिनं मला घेतलं, त्रिशुळाच्या पाठीशी तिरपा टेकवला आणि लाल दोऱ्यानं आम्हा दोघांना बांधलं.

"अन् उतराल कशानं?" परसरामनं विचारलं.

"गुड्डी आहे न," ती म्हणाली.

आता मी इथंच आहे. चीर वाढते आहे, उन्हात रंग उडतो आहे. कवळाच होतो मी. इथं चढून येणाऱ्यांनो, तुमच्या गर्दीत कोणाचा धक्का लागू देऊ नका, एवढंच मागणं. वारा सुटला की अजून मी बाजूला झुकायला जातो, दादा. तू नसतोस.

त्या दिवशी ती गुड्डीच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होती. वळणावर थांबून तिनं वर पाहिलं. वारा जोराचा होता. मी दादासारखा उभा राहिलो. त्रिशूळ हलू दिला नाही.